परराष्ट्र धोरणात संशोधन करायचंय? इंटर्नशिपबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या सदरात मी ओघात लिहिलं होतं, की दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत असताना इंटर्नचे अर्ज वाचायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं त्याच विषयावर आहेत. नावं वगळून त्यांतले काही प्रश्न घेते.

मॅडम, मी निफाड तालुक्यातल्या कॉलेजात टीवायबीएला आहे, विषय राज्यशास्त्र. दिल्ली-मुंबईच्या संस्थांना ४० ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. आमच्या कॉलेजचं नाव कुणी ऐकलेलं नाही, म्हणूनच ना?

तुझा ईमेल तू सोबत पाठवलास हे बरं केलंस. काही ठिकाणी कॉलेजचं नाव बघतात, हे खोटं नाही. पण हा ईमेल मीही बाजूला ठेवला असता, आणि तोही कॉलेजच्या नावापर्यंत पोहोचायच्या आधीच. तू लिहिलं आहेस की तुला भारत-चीन, भारत-अमेरिका, दहशतवाद आणि हवामान बदल या सगळ्यांत 'प्रचंड आवड' आहे. आठवड्याला असे पन्नास ईमेल येतात. वाचणाऱ्याला एवढंच हवं असतं, की या मुलीने एखादी गोष्ट तळापर्यंत जाऊन पाहिली आहे का.

निफाडला राहतेस म्हणजे लासलगाव तुझ्याच तालुक्यात. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती मे २०२४ मध्ये उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. मात्र बंदी चालू असतानाच सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा पाठवायची परवानगी दिली गेली. या देशांना का, एवढाच का, कुणी मागितला, कुणी ठरवला? हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे, आणि तो तुझ्या बाजार समितीच्या आवारात उभा आहे. मागे जायचं तर सप्टेंबर २०१९ ची बंदी घे. ती लागल्यावर काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या. लोक हसले, पण तक्रार खरी होती. त्या वर्षी बांगलादेशने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, अगदी पाकिस्तानकडूनही कांदा मागवला.

यावर दीड हजार शब्दांचं टिपण लिही. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना, लोकसभेतली प्रश्नोत्तरं, अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेची आकडेवारी आणि ढाक्याची इंग्रजी वर्तमानपत्रं, सगळं फुकट वाचता येतं. लासलगावचे त्या दिवसांतले भाव आणि दोन-चार व्यापाऱ्यांचं म्हणणं मात्र दिल्लीत बसलेल्या कुणाकडेही नाही, ते तुझ्याकडे आहे. मग बांगलादेशवर किंवा शेजारी देशांशी होणाऱ्या व्यापारावर खरोखर लिहिणारी पाच माणसं शोध. प्रत्येकाचा एखादा लेख वाच आणि प्रत्येकाला वेगळा, दोन परिच्छेदांचा ईमेल लिही. टिपण जोड. 'कुठलंही काम चालेल' हे वाक्य काढून टाक.

आणि जाता जाता, लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्यासाठी उभारलेलं विकिरण केंद्र (माल टिकावा, कीड मरावी म्हणून त्यावर किरणांचा मारा करतात ते) आहे ना, २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला आंबा तिथूनच विकिरण होऊन गेला. तब्बल १८ वर्षांनी अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं होतं. तो निर्णय आदल्या वर्षी, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्या दिल्लीभेटीत, भारत-अमेरिका अणुकराराच्या वाटाघाटी चालू असताना झाला. दुसरं टिपण हवं असेल तर हेही तुझंच आहे.

माझ्या मुलीची दिल्लीतल्या एका संस्थेत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी निवड झाली. पूर्णवेळ काम, पण पैसे काहीच देणार नाहीत. राहणं-खाणं धरून महिन्याला वीस हजार तरी लागतील म्हणते. आमची पाच एकर शेती आहे. पाठवावं का? (वाशीम)

सहा महिने पूर्णवेळ आणि बिनपैशाचं असेल, तर माझ्या मते पाठवू नका. हे लिहिताना मला जड जातंय, कारण मुलीने निवड मिळवली आहे. पण सोयाबीनच्या एका हंगामाचे पैसे घालून संस्थेचं काम फुकट करून द्यायचं, हे मला पटत नाही. या क्षेत्रात जी मुलं पुढे दिसतात त्यांतली बरीचशी दिल्लीत घर असलेली किंवा घरून पैसे येणारी का असतात, त्याचं एक मोठं कारण हेच आहे. मी नोकरीला असताना इंटर्नला निदान प्रवासखर्च द्यावा म्हणून दर वर्षी भांडत होते. चार वर्षांनी तो मिळाला.

मुलीला आधी संस्थेला विचारू द्या: दोन महिने दिल्लीत आणि बाकीचं काम घरून चालेल का? विचारल्याने निवड रद्द करणारी संस्था असेल, तर तिथे न गेलेलंच चांगलं.

दुसरं. परराष्ट्र मंत्रालयाची स्वतःची इंटर्नशिप योजना आहे. वर्षातून दोन सत्रं असतात. महिना १०,००० रुपये मानधन आणि विमानभाडं मिळतं, आणि निवडीत आकांक्षित जिल्ह्यांतल्या उमेदवारांना प्राधान्य आहे. महाराष्ट्रातले असे जिल्हे चार: नंदुरबार, धाराशिव, गडचिरोली आणि तुमचं वाशीम. आपल्याकडे जिल्हा मागास यादीत आहे हे आपण खाली मान घालून सांगतो. इथे ते अर्जात ठळक लिहायचं. वयाची आणि शिक्षणाची अट त्या-त्या सत्राच्या जाहिरातीत नीट वाचा.

दिल्ली हाच एक रस्ता आहे असंही नाही. अशा संशोधन संस्था इकडेही आहेत: मुंबईत २००९ पासून गेटवे हाऊस आहे, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनचं केंद्र आहे. पुण्यात २०११ पासून पुणे इंटरनॅशनल सेंटर आहे. मुंबई-पुण्यात आत्या-मावशी असतात, दिल्लीत नसतात, हा फरक लहान नाही.

मी सध्या एका संस्थेत इंटर्न आहे. दोन महिने फक्त चर्चासत्रांचे वृत्तांत आणि तळटिपा. मग एक टिपण दिलं, तीन आठवडे खपून लिहिलं. ते वरिष्ठांच्या नावाने प्रसिद्ध झालं. माझं नाव कुठेच नाही.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नकोस.

तळटिपांबद्दल तुझी तक्रार मला मान्य नाही. तळटीप तपासताना माणूस मूळ कागदापर्यंत जातो, आणि हे काम म्हणजे शेवटी मूळ कागदापर्यंत जाणंच आहे. वर्तमानपत्रात छापून येतं 'करार झाला'. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहिलं तर तो सामंजस्य करार असतो, म्हणजे सहसा बंधनकारक नसलेला. कधी नुसतं संयुक्त निवेदन असतं आणि त्यात 'विचार करण्याचे मान्य केले' एवढंच. भारत-चीन सीमेवर बोलणाऱ्या किती जणांनी ७ सप्टेंबर १९९३ चा करार उघडून वाचलाय? जेमतेम काही पानांचा आहे. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेजवळ शांतता राखायची असं त्यात ठरलं, पण ती रेषा नेमकी कुठून जाते हे ठरलं नाही. पुढच्या तीस वर्षांतले सीमेवरचे बरेचसे तंटे त्या न ठरलेल्या भागातून निघाले. अशा जागा तळटिपा लावणाऱ्याच्या नजरेला पडतात. चर्चासत्राचा वृत्तांतही असाच. निवृत्त राजदूत काय बोलले ते सगळेच लिहितात. कुठल्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली, हे टिपायला शिक.

दुसऱ्या गोष्टीत मात्र तुझ्यावर अन्याय झाला आहे, आणि 'असंच असतं' म्हणून कुणी समजूत घातली तर ती घालून घेऊ नकोस. माझंही पहिलं मोठं काम असंच दुसऱ्याच्या नावाने छापलं गेलं होतं. मी गप्प बसले, आणि त्याचं वाईट अजून वाटतं. तू त्या वरिष्ठांना शांत भाषेत ईमेल लिही: टिपणाचा मसुदा मी अमुक तारखेला पाठवला होता, यातले अमुक भाग माझे आहेत, सहलेखक म्हणून किंवा निदान ऋणनिर्देशात नाव घालता येईल का? संकेतस्थळावरच्या मजकुरात नाव घालायला दोन मिनिटं लागतात. मसुद्यांच्या तारखा असलेले ईमेल जपून ठेव. नकार आला तर इंटर्नशिपचं काम पाहणाऱ्याकडे तोच ईमेल पुढे पाठव. आणि यापुढे काम हाती घेतानाच विचार, 'सर, हे कुणाच्या नावाने जाणार?' हा प्रश्न उद्धट नाही.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, पण ओढा चीनच्या अभ्यासाकडे. चिनी भाषा शिकू की सरळ एमएला जाऊ?

दोन्ही, पण भाषा आजच सुरू कर. चिनी वर्तमानपत्र बऱ्यापैकी वाचायला तीन-चार वर्षं लागतात, एमए दोन वर्षांत होतं. इंग्रजी भाषांतरावर चीनचा अभ्यास करणारे भरपूर आहेत, मूळ चिनी वाचणारे आपल्याकडे फार थोडे. इंजिनिअरिंग सोडून दिल्यासारखं वागू नकोस. चिप, दुर्मिळ खनिजं, बॅटरी, समुद्राखालच्या केबल यांवर नेमकं लिहू शकणाऱ्या माणसांची संस्थांना गरज आहे.

चीनच हवा असं ठरलेलं नसेल, तर नेपाळीचा विचार कर. लिपी देवनागरी, म्हणजे अक्षरं तुला येतातच. सहा महिन्यांत काठमांडूची बातमी वाचायला लागशील. शेजाऱ्यांच्या भाषा आपण शिकत नाही आणि मग शेजारी नाराज का, याची चर्चा इंग्रजीत करतो.

मसुदा चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर चालतं का?

एका इंटर्नच्या मसुद्यात मला तीन संदर्भ असे सापडले, की ते लेख कधी लिहिलेच गेले नव्हते. नावं खरी, नियतकालिकं खरी, लेख नाहीत. त्यानंतर त्या मुलाच्या खऱ्या वाक्यांवरही मला विश्वास ठेवता येईना. भाषा तपासून घ्यायला वापर, पण संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय एकही देऊ नकोस.

घरचे म्हणतात यूपीएससी दे, परराष्ट्र सेवेत जा, संशोधनात पोट भरत नाही. खरं आहे का?

पोट भरतं, पण उशिरा. एमएनंतर संशोधन साहाय्यकाची कामं वर्ष-दोन वर्षांच्या मुदतीची असतात आणि पगार बेताचा असतो. संस्थेत टिकायचं तर पुढे पीएचडी लागतेच. नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि छोट्या शहरातून आलेल्या मुलांसाठी सगळ्यात भरवशाचा आधार तोच आहे. आईवडिलांना हा आकडा दाखव, त्यांची काळजी खोटी नाही.

पण संशोधन हे यूपीएससी हुकलेल्यांचं ठिकाण समजून येऊ नकोस. दोन्हींची कामं वेगळी आहेत. राजदूताला सरकारची भूमिका मांडावी लागते. संशोधकाला ती भूमिका चुकते आहे असं वाटलं तर तेही पुराव्यानिशी लिहावं लागतं. एकीकडून दुसरीकडे जाताही येतं. पुण्याचे विजय गोखले २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव होते, निवृत्तीनंतर ते चीनवर अभ्यासपूर्ण लिहीत आहेत.

तुझा कल कुठे आहे ते घरबसल्या कळेल. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने २०२३ मध्ये 'शेजारी प्रथम' धोरणावर अहवाल दिला, तो लोकसभेच्या संकेतस्थळावर आहे. पेन्सिल घेऊन बस आणि सलग वाच. निम्म्यात कंटाळा आला तर अर्ज करायची घाई करू नकोस. समितीने विचारलेला एखादा प्रश्न आणि मंत्रालयाने दिलेलं उत्तर यांत मेळ नाही, असं कुठे दिसलं आणि ते शोधायला रात्री उशिरापर्यंत जागावंसं वाटलं, तर त्या जागेवर खूण कर आणि ते पान मला पाठव.