कायदेविषयक सल्ला: अ‍ॅपवरून मालिका गेली, घरात डीव्हीडीचा संच आहे. माझा हक्क नेमका कशावर?

प्रश्न: मी मिरजेची निवृत्त शिक्षिका. दूरदर्शनवर १९८८ साली लागलेल्या एका मालिकेचा डीव्हीडी संच यजमानांनी २००९ मध्ये माझ्या वाढदिवसाला आणून दिला होता. आठ डिस्क, खोक्यासकट. यजमान आता नाहीत. एप्रिलमध्ये मुलाला तीच मालिका एका अ‍ॅपवर दिसली, त्याने अ‍ॅपच्या पहिल्या पानाचा फोटो ‘आई, तुझी मालिका!’ असे लिहून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, म्हणून त्याच संध्याकाळी १,४९९ रुपये भरून वर्षाची वर्गणी घेतली. तेव्हा संच भंगारात द्यायलाही तो निघाला होता, मी दिला नाही. जूनमध्ये मालिका अ‍ॅपवरून गेली. तक्रार केली तर ‘कंटेंट बदलू शकतो’ एवढेच उत्तर आले. पैसे परत मिळतील का? पाचवी डिस्क अडकते, म्हणून मुलगा सगळ्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घेऊ म्हणतो. तो गुन्हा होईल का? सोसायटीतल्या ज्येष्ठांना दर शनिवारी हॉलमध्ये मालिका बघायची आहे आणि भाचा ती आमच्या १४० जणांच्या कुलबंधूंच्या ग्रुपवर टाकतो म्हणतो. शेवटी हा संच वाचनालयाला द्यावा अशी माझी इच्छा आहे. काय चालेल, काय नाही?

उत्तर:

बाई, संच भंगारात जाऊ दिला नाहीत हे फार चांगले केलेत. तुमच्या पत्रातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या खोक्यावरच अवलंबून आहेत.

यजमानांनी तुमच्या हातात दिला त्या क्षणी तो संच कायद्याने तुमचा झाला. जंगम वस्तूचे बक्षीस ताबा दिल्याने पूर्ण होते, त्याला कागद लागत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२३ तसे सांगते. मालिकेतल्या कथेचा, चित्रणाचा, संगीताचा कॉपीराइट अर्थातच निर्मात्याकडे राहिला, पण त्या आठ डिस्क, खोके आणि त्या घरी बसून हव्या तितक्या वेळा बघण्याची मुभा तुमची. डीव्हीडी काढणारी कंपनी उद्या बंद पडली तरी तुमच्या कपाटातली डिस्क कोणी परत मागायला येत नाही.

अ‍ॅपवर तुम्ही मालिका विकत घेतली नव्हती. ठरावीक काळ, त्या काळात तिथे जे असेल ते बघण्याची परवानगी घेतली होती. अ‍ॅपवाल्यांकडेही मालिका मालकीची नसते. निर्मात्याशी त्यांचा मुदतीचा करार असतो आणि मुदत संपली, नवा करार झाला नाही की मालिका खाली उतरते. ३१ मार्च २०२३ रोजी एचबीओच्या सगळ्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या, तेव्हा वर्षाची वर्गणी मध्यावर असलेले असंख्य लोक असेच बघत राहिले. वर्गणीत तरी हे समजण्यासारखे आहे. पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनवर ‘विकत’ घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रमही ग्राहकांच्या खात्यातून काढणार असल्याचे जाहीर केले. ओरड झाली, नवा करार झाला आणि ते थांबले, पण ‘बाय’ लिहिलेले बटण दाबूनही हाती परवानाच येतो हे तेव्हा जगाला कळले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला: ग्राहकाला मिळतो तो परवाना आहे हे स्पष्ट न सांगता डिजिटल मालासाठी ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा नाही. आपल्याकडे असे स्वतंत्र कलम नाही. ते यायला हवे असे मला मनापासून वाटते, कारण अठरा-वीस पानांच्या अटी वाचून कोणी वर्गणी भरत नाही.

आता तुमचे पैसे. ‘मालिका गेली म्हणून रक्कम परत द्या’ एवढ्यावरच तक्रार केलीत तर ती टिकणे कठीण आहे. अटींमध्ये सामग्री बदलण्याचा अधिकार त्यांनी राखून ठेवलेला असतो आणि बाकीचे अ‍ॅप तुम्हाला वापरता येतेच. पण यात एक दुवा आहे, आणि माझ्या मते तोच तुमचा खरा मुद्दा आहे. जूनमध्ये मालिकेचा हक्क संपणार हे त्यांना एप्रिलमध्ये माहीत होते का? करारात तारीख असते, त्यामुळे माहीत असण्याचीच शक्यता अधिक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे हेही येते. महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. म्हणून त्यांना आता मेल कराल त्यात दोनच प्रश्न सरळ विचारा: या मालिकेचा तुमचा हक्क कोणत्या तारखेला संपला, आणि ती तारीख तुम्हाला कधीपासून माहीत होती? खाली उरलेल्या दहा महिन्यांची रक्कम मागा. वर्षाचे १,४९९ म्हणजे दहा महिन्यांचे साधारण १,२५० रुपये होतात.

पुरावा म्हणाल तर तुमच्या पत्रात जाता जाता एक ओळ आली आहे, ती तुम्हाला महत्त्वाची वाटली नसेल. एप्रिलमध्ये मुलाने अ‍ॅपच्या पहिल्या पानाचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, त्याखाली ‘आई, तुझी मालिका!’ असे लिहून. आणि पैसे त्याच संध्याकाळी भरले गेले. तो मेसेज पुसू नका, दोघांच्याही फोनमध्ये राहू द्या. मालिका दाखवून वर्गणी विकली गेली, हे त्या एका चित्रातून तारीख-वेळेसकट दिसते. त्याच्या जोडीला बँकेचा मेसेज, पावती आणि त्यांचे ते एका ओळीचे उत्तर.

मेलला दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. एवढ्या रकमेची बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, ग्राहक राहतो तिथल्या आयोगात जाण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही आणि ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. ‘वाद लवादाकडेच जाईल’ असे अटींत लिहिले असेल तर घाबरू नका. अशा कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात मान्य केले आहे. अटीच अन्यायकारक आहेत म्हणून त्या रद्द करून घ्यायच्या असतील तर मात्र राज्य आयोगात जावे लागेल, आणि साडेबाराशे रुपयांसाठी तो खटाटोप तुम्ही करावा असे मी म्हणणार नाही. ऑटो-रिन्यूअल मात्र आजच बंद करा.

डिस्क उतरवून घेण्याबद्दल मुलगा बरोबर बोलतो आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मधली खासगी वापराची सवलत आधी चित्रपट-मालिकांना लागू नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीने ती कॉम्प्युटर प्रोग्रॅम सोडून ‘कोणत्याही कृतीला’ लागू झाली, आणि अशा वापरासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणे हा भंग नाही, असे स्पष्टीकरणही तिथेच जोडले गेले. स्वतःच्या अस्सल डिस्कची, स्वतःच्या घरात बघण्यासाठी, मूळ डिस्क खराब होते म्हणून काढलेली एक प्रत या सवलतीत बसते असे माझे मत आहे.

यात लोक अडतात ते डिस्कवरच्या कुलपापाशी. बाजारातल्या डीव्हीडींवर बहुधा कॉपी होऊ नये म्हणून सांकेतिक कुलूप असते, आणि २०१२ मध्येच आलेले कलम ६५-अ असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. पण ते कलम नीट वाचा. गुन्हा होतो तो कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडले तर. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी तसे केले तर ते कलम आड येत नाही, असे त्याच कलमात पुढे लिहिले आहे. एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते: अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि सगळा तपशील नोंदवून ठेवायचा असतो. म्हणजे मुलाला जमले नाही आणि डिस्क दुकानात दिल्यात, तर दुकानदाराने वहीत तुमची नोंद करायला हवी. तो विचारेल तर द्या, न विचारेल तर तुम्ही करायला सांगा. ती नोंद तुमच्याही बाजूची आहे.

अ‍ॅपवर मालिका पुन्हा आली तर स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवू का, असा मोह होईल. नको. तिथे तुमच्याकडे अस्सल प्रत नाही, अटींचा भंग होतो आणि वर सांगितलेला बचाव फार पातळ होतो. अ‍ॅपमधले ‘डाउनलोड’ही तुमचे नसते, वर्गणीबरोबर किंवा मालिकेबरोबर तेही जाते.

भाच्याला मात्र आजच थांबवा. खासगी प्रत खासगी राहते तोवरच कायदा तुमच्या पाठीशी आहे. १४० जणांच्या ग्रुपवर टाकली की ती लोकांपर्यंत पोहोचवणे झाले आणि तो हक्क फक्त मालकाचा. कलम ६३ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पैसे कमावण्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र ठरवला आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ‘ग्रुप घरचाच आहे, कळणार कोणाला?’ असे तो म्हणेल. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला, चोरून साहित्य टाकणाऱ्या चॅनेलवाल्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते देण्याचा आदेश दिला होता. ‘मालिका जुनी, आता सगळ्यांची’ हेही चूक. मालिकेचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९८८ ची तुमची मालिका २०४८ च्या डिसेंबरअखेरपर्यंत निर्मात्याची आहे.

सोसायटीच्या हॉलचे उत्तर द्यायला मला वाईट वाटते, कारण कोणी पैसे कमावणार नाही, चार म्हातारी माणसे शनिवारी एकत्र बसणार. पण कायद्यात रहिवाशांच्या सामायिक हॉलला जी सवलत आहे ती रेकॉर्डिंग ‘ऐकवण्याची’ आहे, दाखवण्याची नाही. हॉलमध्ये जुनी नाट्यगीते लावा, कोणी हरकत घेणार नाही. मालिका दाखवायला परवानगी लागेल. शाळेला मात्र वेगळी सवलत आहे. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसे यांच्यापुढे चित्रपट किंवा मालिका दाखवता येते. तुमच्या जुन्या शाळेत मुलांना दाखवायची असेल तर संच घेऊन जरूर जा.

हॉलसाठी परवानगी मिळवणे वाटते तितके अवघड नाही. खोक्याची मागची बाजू बघा. कलम ५२-अ प्रमाणे डीव्हीडीच्या वेष्टनावर ती काढणाऱ्याचे आणि कॉपीराइटच्या मालकाचे नाव-पत्ता छापावेच लागतात. तो पत्ता तुमच्या खोक्यावर असणार, अक्षर बारीक असेल, भिंग घ्या. त्या पत्त्यावर साधे पत्र पाठवा: अमुक सोसायटी, इतके ज्येष्ठ नागरिक, प्रवेश विनामूल्य, अमुक शनिवार. होकार लेखी घ्या. तो येईपर्यंत दोन-तीन मैत्रिणींना तुमच्या घरी चहाला बोलावून एक भाग बघितलात तर त्याला कोणी सार्वजनिक खेळ म्हणणार नाही.

वाचनालयाला संच देण्याची तुमची इच्छा मला फार आवडली, आणि कायदा इथे पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. २०१२ पूर्वी कायद्यात अशी शब्दयोजना होती की, एकदा विकलेली प्रत पुन्हा विकणे किंवा भाड्याने देणे हेही निर्मात्याच्या हातात राही. ते शब्द आता काढले आहेत, आणि नफ्यासाठी नसलेल्या वाचनालयाने कायदेशीर प्रत वाचकांना देणे ‘व्यापारी भाड्या’त धरायचे नाही अशी व्याख्याही घातली आहे. तेव्हा संच द्या, सोबत एका कागदावर २००९ ची खरेदी आणि तुमची भेट लिहून द्या, बिल सापडले तर जोडा. पण अस्सल डिस्क दिल्यावर हार्ड डिस्कवरची प्रत ठेवू नका. मूळ प्रत तुमची राहिली नाही की त्या प्रतीचा आधारही गेला. हयातीत संच सोडवत नसेल तर मृत्युपत्रात दोन ओळी लिहा, तेवढ्याने भागते. अ‍ॅपची वर्गणी अशी कोणाच्या नावे ठेवून जाता येत नाही.

वाचनालयाला हेही सांगा की तुमच्या संचावरून त्यांनी जतनासाठी प्रत काढू नये. ती सवलत अडिजिटल प्रत असलेल्या वाचनालयापुरती आहे, म्हणजे जुनी व्हिडिओ कॅसेट चालते, डीव्हीडीचे तसे नाही. म्हणून तुमच्या डिस्क त्यांच्याकडे चांगल्या अवस्थेतच जायला हव्यात. पाचवी डिस्क आधी उतरवून घ्या, बाकीच्या नंतर. तिचा पृष्ठभाग मऊ सुती कापडाने मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल फिरवू नका. वर स्टिकर चिकटवून नंबर घालू नका आणि खोके कपाटात पुस्तकासारखे उभे ठेवा.