'बिकॉज' शोधणारी पोरगी

घाटंजी तालुक्यातून एका वडिलांनी लिहिलंय. मुलगी दहावीला, मराठी माध्यम. सहामाहीत इंग्रजीत ८० पैकी २९. उताऱ्यावरचे प्रश्न गेले, व्याकरणही गेलं. रोज रात्री ते तिला घरच्यांसमोर उतारा मोठ्यानं वाचायला लावतात; चुकली की ते वाक्य ५० वेळा लिहायचं. "कापूस वेचायलाही नेत नाही, तरी पोट्टी ढ ते ढच. अशानं डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा कशी देणार? सोयाबीनचे पैसे व्याकरणाच्या क्लासला टाकू का?"

भाऊ, मला २९ गुणांची काळजी वाटली नाही, त्या ५० वेळांची वाटली. तुम्हीच धाडलेल्या वहीच्या फोटोत बघा: विसाव्या ओळीनंतर एक शब्द गळलाय, तो शेवटपर्यंत गळलेलाच. म्हणजे पुढच्या तीस ओळी तिनं चूकच घोटली. आणि दहा जण कान टवकारून बसलेत म्हटल्यावर पोरगी उच्चार सांभाळेल, की अर्थाकडे बघेल? तिला ढ म्हणणं आधी थांबवा.

आता उत्तरपत्रिका. प्रश्न होता, 'व्हाय डिड द फार्मर रिटर्न लेट?' उताऱ्यात स्वच्छ लिहिलंय, 'द ब्रिज वॉज अंडर वॉटर, सो ही टूक द लाँग रोड.' तिनं ते सोडून खालच्या भलत्याच चार ओळी उतरवल्या. का? तिथं 'बिकॉज' होतं. व्हाय आलं की बिकॉज शोधायचं, ही युक्ती तिला कुणीतरी शिकवलीय. पुलावर पाणी चढलं की एसटी येत नाही, हे तुमच्या भागातल्या पोरीला समजवावं लागतं का? मराठीत विचारा, 'तो उशिरा का आला?' लगेच सांगेल. तिचं अडलंय ते बिकॉजपाशी. तिचं उत्तर 'फार्मर वॉज रिटर्न' असं सुरू होतं, तेही किरकोळ आहे. प्रश्नात 'डिड'नं भूतकाळ उचलला म्हणून 'रिटर्न' साधं राहिलं. उत्तरात 'डिड' नाही, मग 'रिटर्न्ड'. दहा वाक्यांच्या सरावात बसेल.

त्यासाठी क्लास? बोर्डाच्या ८० गुणांत भाषाभ्यासाचा, म्हणजे व्याकरण-शब्दांचा, वेगळा प्रश्न १० गुणांचा. पुस्तकातले उतारे २०, न वाचलेला उतारा १५.

नीटमध्ये इंग्रजीचा पेपर नसतो, प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अकरावी विज्ञानाची पुस्तकं मात्र इंग्रजीत वाचावी लागतील. पण नीट तिला द्यायचीय का? दोन पानांच्या पत्रात 'मी ठरवलं' तीनदा आलंय, तिचं म्हणणं एकदाही नाही.

क्लासचे पैसे राहू द्या. रात्रीची ती परेड आजपासून बंद. तिनं उतारा मनात वाचावा, पुस्तक मिटावं आणि काय घडलं ते घरच्या बोलीत तुम्हाला सांगावं. मग इंग्रजीत उत्तर लिहावं. तुम्हाला इंग्रजी येत नाही असं लिहिलंय, ते बरंच आहे. मग तिलाच तुम्हाला सगळं समजावून सांगावं लागेल. मधे बोलू नका तेवढं.