अनोळखी बेस (आम्लारी) कोणता आहे, हे फक्त टायट्रेशनने, म्हणजे थेंबाथेंबाने ॲसिड सोडून किती लागलं ते मोजून, ओळखता येतं का?

एका रीडिंगवरून नाही. ब्युरेट (ॲसिड मोजून सोडायची खुणांची काचेची नळी) पदार्थाचं नाव सांगत नाही, ठरावीक वजनाच्या बेसला किती ॲसिड लागलं एवढंच सांगतं. त्यावरून इक्विव्हॅलंट वेट निघतं, म्हणजे 1 नॉर्मल (द्रावण किती दाट याचं माप) ॲसिडच्या एका लिटरला पुरणारं बेसचं ग्रॅममधलं वजन. मी कोल्हापुरात बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल घेतो. हा आकडा आला की निम्मी पोरं वह्या मिटतात. खरी मजा तिथून पुढे असते.

समजा, 1.325 ग्रॅम पांढऱ्या पावडरचं 250 मिली द्रावण केलं आणि त्यातल्या 25 मिलीला 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड बरोबर 25 मिली लागलं. इक्विव्हॅलंट वेट आलं 53. सोडियम कार्बोनेटचं 53च, पण कॉस्टिक पोटॅशचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं) 56, तेही जवळच. एवढ्याशा फरकावर पैज लावू नका.

त्यापेक्षा एकाच फ्लास्कमध्ये दोन इंडिकेटर (रंग बदलून टप्पा दाखवणारे पदार्थ) वापरा. आधी फिनॉल्फथॅलिन, ते बेसमध्ये गुलाबी दिसतं. ॲसिड सावकाश सोडा, फ्लास्क हलवत राहा. 12.5 मिलीला गुलाबी रंग गेला, मग मिथिल ऑरेंज टाकलं आणि पिवळ्याचा नारिंगी व्हायला आणखी 12.5 लागले, तर ते कार्बोनेटच: पहिल्या टप्प्यात त्याचं बायकार्बोनेट होतं, दुसऱ्यात तेही संपतं. हायड्रॉक्साइड असेल तर जवळपास सगळं ॲसिड गुलाबी जाईपर्यंतच खर्ची पडतं, पुढे एखाददुसरा थेंब. नुसता खाण्याचा सोडा असेल तर मुळात गुलाबी जेमतेमच येतो.

हायड्रॉक्साइड निघालं तर वजनावर फार विसंबू नका. आमच्याकडे पावसाळ्यात कॉस्टिकच्या (सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) गोळ्या वॉचग्लासवर ठेवून आकडा वहीत उतरवेपर्यंत ओलसर चमकायला लागतात. बाटलीतलं पोटॅशही बहुधा 85 टक्क्यांच्या आसपासचंच, म्हणजे उत्तर 56 न येता 66 येतं. सोडियम की पोटॅशियम हे ज्योतीवर बघा: पिवळी की जांभळट. जांभळट निळ्या काचेतून बघावी, नाहीतर जरासं सोडियमही तिला झाकून टाकतं.

इकडची पोरं हटकून गुऱ्हाळावरचा चुना आणतात, उसाच्या रसाचा आंबटपणा मारायला तो वापरतात म्हणून. तो लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमही विरघळत नाही, त्यामुळे सरळ टायट्रेशन रेंगाळतं. मोजून जास्तीचं ॲसिड घाला आणि उरलेलं कॉस्टिकने मोजा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडला 37 यायला हवं. उघडा पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होत जातो, मग आकडा 37 आणि कार्बोनेटच्या 50च्या मध्ये कुठेतरी अडकतो, आणि ॲसिड घालताना फसफसतोही.