वही काढली की रडणाऱ्या पहिलीतल्या मुलाचं अक्षर कसं सुधारावं?

तुमचा मुलगा सहा वर्षांचा, मराठी शाळेत पहिलीला, सोबत कन्नडही सुरू झालंय. रोज दोन पानं गिरवून घेता तरी अक्षर सुधारत नाही आणि आता वही बघितली की रडायला लागतो, म्हणून खेळातून काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. माझं ऐकाल तर महिनाभर घरातली ती गिरवायची वही कपाटात ठेवा.

तो आळशी नाही हो. मनगटात 8 छोटी हाडं असतात. जन्मताना ती कूर्चाच असतात आणि एकेक करत टणक होतात; शेवटचं व्हायला नऊ-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. बोटांचे स्नायूही अजून कोवळेच. "हात दुखतोय" म्हणाला तर तो खरंच दुखत असतो.

सगळ्यात आधी रांगोळी. चिमटीत रांगोळी धरताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जसं जुळतं, तशीच पेन्सिल धरायची असते. रोज उंबऱ्याशी चार ठिपके आणि ते जोडणाऱ्या रेघा त्याला काढू द्या, वाकड्या आल्या तरी पुसू नका. मुलगा आहे म्हणून कुणी हसलं तर तिकडे लक्ष देऊ नका.

दुसरं म्हणजे वाती. माझ्या वर्गात एक मुलगी होती, पेन्सिल इतकी दाबायची की अक्षर मागच्या पानावर उठायचं, कधी कागदच फाटायचा. तिच्या आजीला म्हटलं, देवाच्या वाती हिच्याकडून वळून घ्या. कापूस जोरात दाबला की गोळा होतो, सैल धरला की वळतच नाही. पहिल्या आठवड्यात सगळे गोळेच झाले. दिवाळीपर्यंत वाती सरळ यायला लागल्या आणि वहीची पानं फाटायची थांबली. किती जोर लावायचा हे तिला कापसानं शिकवलं, मी नाही.

ओला वाटाणा, भुईमुगाच्या शेंगा सोलायला त्याला शेजारी बसवा. गजगे, म्हणजे सागरगोटे, असतील तर झेलायला शिकवा. आणि माती! आमच्या खानापूरला मातीची काय कमी? बेंदराला बैल करू दे, दिवाळीत किल्ल्याचा चिखल त्यालाच मळू दे. चिखल मळताना खांदा आणि तळवा कामाला लागतो. खांदा स्थिर नसेल तर बोटं नीट चालत नाहीत, हे पालकांच्या लक्षातच येत नाही.

आता दोन लिप्यांचं. आपली मराठी अक्षरं शिरोरेघेला लटकतात, त्यांत उभे काने, आडव्या रेघा भरपूर. कन्नड जवळजवळ सगळं गोलाईवर चालतं. एकच हात दोन वेगळ्या चालीनं चालवायचा, म्हणजे सहा वर्षांच्या पोराला सोपं नाही. म्हणून दोन्ही एकाच बैठकीत घेऊ नका. मराठीच्या दिवशी ताटात तांदूळ किंवा रवा पसरून बोटानं उभ्या-आडव्या रेघा, मग ग, म, भ, न. कन्नडच्या दिवशी ओला फडका घेऊन भिंतीवर किंवा फरशीवर मोठे गोल काढायचे, पाणी वाळायच्या आत पुढचा. गोल जमले की मग कन्नडचा र आणि ग. त्याला ही शर्यत वाटते, अभ्यास वाटत नाही.

पुन्हा लिहायला बसवाल तेव्हा लांब पेन्सिल देऊ नका. बोटाच्या पेराएवढा खडूचा तुकडा आणि पाटी द्या. तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. दहा मिनिटं पुरे. शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवा, घरचा अभ्यास महिनाभर कमी देतील.

डावखुरा असेल तर हात बदलायला लावू नका, फक्त पाटी थोडी उजवीकडे तिरपी ठेवा. आणि शर्टाची बटणं अजून लावता येत नसतील, किंवा तो फळ्यावरचं बघायला डोळे बारीक करत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून घ्या.