हिरवा शेंबूड आणि उरलेल्या तीन गोळ्या

सहा दिवसांची सर्दी, हिरवा शेंबूड, गालाचं हाड ठणकतंय आणि मागच्या खेपेच्या अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या घरात पडून आहेत, त्या घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. (त्या उरल्याच कशा, हे नंतर कधीतरी सांगा.) मी डॉक्टर नाही, पण सायनसचा जुना गिऱ्हाईक आहे.

आधी त्या हिरव्या रंगाचं. मीही बरीच वर्षं हिरवं म्हणजे जंतू असंच धरून चाललो होतो. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट एन्झाइमचा असतो आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. शंभर सर्द्यांमागे जेमतेम एकदोन सर्द्यांत पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो.

म्हणून रंग सोडा, दिवस मोजा. दहा दिवस उलटूनही काहीच उतार नाही. किंवा बरं वाटायला लागलं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा ताप, डोकं, शेंबूड सगळं उलटलं. किंवा सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस १०२ च्या वर ताप आणि सोबत पिवळाहिरवा स्राव किंवा चेहरा दुखणं. यातलं काही असेल तरच जिवाणूंचा संशय घ्यायचा. तुमचं अजून यात बसत नाही.

आणि बसलं तरी अ‍ॅझिथ्रोमायसिन नकोच. सायनसमध्ये नेहमी सापडणारा न्यूमोकोकस नावाचा जिवाणू त्याला बऱ्यापैकी निर्ढावलाय. डॉक्टर सहसा अमॉक्सिसिलिन देतात, बरेचदा क्लॅव्ह्युलॅनेटसह. कारण यातले काही जिवाणू अमॉक्सिसिलिन फोडणारं एन्झाइम बनवतात आणि क्लॅव्ह्युलॅनेट ते एन्झाइम अडवतं. त्याने पोट बिघडू शकतं, म्हणून जेवायला बसतानाच गोळी घ्यायची. मोठ्या माणसांना बहुधा पाच ते सात दिवस पुरतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, मग डॉक्सिसायक्लिनसारखा पर्याय निघतो. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मात्र कुणी सहज लिहून दिलं तर कारण विचारा. स्नायुबंधांना इजा होण्यासारख्या दुष्परिणामांमुळे, दुसरा पर्याय असताना ते सायनससाठी वापरू नये, असं अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०१६ मध्येच बजावलंय.

तोवर मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. नाक मोकळं करणारे थेंब तीन दिवसांच्या वर नकोत. मी ते तीन आठवडे ओढले. शेवटी सर्दी गेली आणि नाक त्या थेंबांशिवाय उघडेना.

एकाच बाजूने घाण वास येत असेल तर वरची दाढही दाखवून घ्या, कधीकधी दुखण्याचं मूळ तिथेच असतं. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं किंवा भ्रमल्यासारखं होणं, यातलं काहीही दिसलं तर मात्र दिवस मोजत बसू नका, तडक इस्पितळ गाठा.