द्राक्षे थेट विकताना ग्राहक ‘औषधे किती मारता?’ असे विचारतात. त्यांना न दुखावता काय उत्तर द्यावे?

आपण निफाड तालुक्यातील द्राक्षे यंदापासून पुण्यातील सोसायट्यांमध्ये थेट विकत आहात आणि फवारणीचा विषय निघाला की बोलणे वादावर जाते, असे आपण लिहिले आहे. मीही नाशिक जिल्ह्यातलाच बागायतदार असून अशीच विक्री करतो. माझ्या मते हा प्रश्न आरोप समजू नये. घरातील लहान मुलांसाठी फळ घेणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि ‘आम्ही काहीच मारत नाही’ हे उत्तर त्याच्या समजुतीचा अपमान करणारे आहे.

फवारण्या होतात, हे आधी मान्य करावे आणि मग कारण सांगावे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या काळात पाऊस झाला तर डाऊनी (केवडा) हा रोग पाहता पाहता घड नासवतो. पुढे भुरी या रोगाचा धोका असतो. कोणते औषध काढणीपूर्वी किती दिवस आधी बंद करावे लागते, ते ठरलेले असते आणि त्या तारखा फवारणीच्या वहीत असतात. ती वही विक्रीच्या टेबलावर ठेवावी. फळात उरलेल्या औषधांच्या अंशांच्या तपासणीचा अहवाल असेल तर तोही दाखवावा, मात्र त्याचा अर्थ फुगवू नये: तो त्या प्लॉटमधून घेतलेल्या नमुन्याचा असतो आणि ‘अंश मर्यादेत आहेत’ म्हणजे ‘अंश नाहीतच’ असे नव्हे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, हे एखाद्या जाणकार ग्राहकाने काढले तर टाळाटाळ करू नये. निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि काढणीपूर्व तपासणी ‘ग्रेपनेट’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून होते, हे सांगावे; पण आपला माल स्थानिक बाजारासाठीचा असेल आणि त्याची अशी तपासणी झालेली नसेल, तर तेही त्याच वाक्यात सांगावे.

धुण्याविषयी हमखास विचारले जाते. वाहत्या पाण्याने धूळ आणि पृष्ठभागावरचे काही अंश निघतात, आंतरप्रवाही (झाडात शोषल्या जाणाऱ्या) औषधांचे मण्यात गेलेले अंश निघत नाहीत, इतके सरळ सांगावे. मण्यावरचा पांढरट थर मात्र बहुधा फळाचे स्वतःचे मेण असते. औषधाचे डाग वेगळे दिसतात. दोन्ही घड शेजारी ठेवून दाखवता आले तर उत्तम.

‘बी नसलेल्या द्राक्षांना इंजेक्शन देतात’ हा व्हॉट्सॲपवरचा समज ऐकून आपल्याला हसू येते. एकरभर बागेतील मण्यांना सुया टोचायला मजूर आणायचे कोठून? पण ते हसू ग्राहकासमोर नको, कारण या समजामागे थोडे तथ्य आहे. थॉमसनसारख्या वाणांत बी सुरुवातीलाच खुंटते, हा वाणाचाच गुण आहे. बियांतून मिळणारे वाढीचे संप्रेरक अपुरे पडल्याने मणी लहान राहतात, म्हणून आपण घड जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संप्रेरकाच्या) द्रावणात बुडवतो किंवा त्यावर ते फवारतो. एवढे सांगितले की ग्राहकाची शंका उडवून लावली जात नाही, तिचे पुरे उत्तर मिळते. सेंद्रिय बागेविषयी विचारले तर तिथेही मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वापरले जाते, हे सांगण्यास हरकत नाही. फक्त सेंद्रिय शेती करणाऱ्या शेजाऱ्याला खोटे ठरवण्याचा सूर नसावा.

माल कोठला, याबाबत तर मी अधिक कडक आहे. आपली बाग संपल्यावर सांगली जिल्ह्यातील तासगावचा माल आणला तर पेटीवर आणि तोंडी तासगावच सांगावे. डिसेंबरात गोड द्राक्षे कशी, असे कोणी विचारले तर सटाणा-कळवण भागातील आगाप (नेहमीपेक्षा लवकर होणारी) छाटणी समजावून सांगावी.

भावाची घासाघीस झाली की ‘पिझ्झ्याला पैसे देता, शेतकऱ्याला नाही’ हा टोमणा ओठावर येतो. तो गिळावा. त्याऐवजी मजुरी, औषधे, पेटी आणि वाहतूक यांचा हिशेब सांगावा, आणि तरीही भाव पटला नाही तर नमस्कार करून पुढच्या ग्राहकाकडे वळावे.

ग्राहकांना बाग दाखवायची असेल तर केवळ काढणीला बोलावू नका. फुलोऱ्याच्या सुमारास बोलवा. मात्र फवारणीच्या दिवशी आणि औषधाच्या लेबलवर सांगितलेल्या मुदतीपर्यंत कोणालाही बागेत नेऊ नका, आणि तसे का ते त्यांना आधीच कळवा.