भट्टीवरची लव्ह स्टोरी : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात जपानी मांगातल्या (म्हणजे तिकडच्या चित्रकथांमधल्या) छोट्या बेकर हिरोईनींबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून पत्रं थांबतच नाहीयेत. त्यातली चार घेतेय.

ताई, मी साताऱ्याची, दहावीत आहे. मी स्वतःच एक मांगा काढतेय, हिरोईन १६ वर्षांची बेकर आणि हिरो तिच्या क्लासमधला. २० पानं झालीत पण मैत्रिणी म्हणतात बोअर होतंय, दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसतात. आणि स्टोरी टोकियोत ठेवू का साताऱ्यात?

२० पानं काढलीस, ते पण दहावीच्या वर्षात, मला फार आनंद झाला बघ. तू पाठवलेली चार पानं नीट बघितली. डोळे सुंदर काढलेस, केस पण, पण चारही पानांत तिचे हात फ्रेमच्या बाहेर आहेत! बेकर आहे ना ती? अगं मग पीठ कोण मळतंय? या गोष्टींमध्ये प्रेम बोलण्यात फार कमी असतं, ते कामातून कळतं, कोण कुणासाठी पहाटे उठलं, कुणी कुणाचा जळका पाव गुपचूप खाल्ला, असं.

म्हणून एकदा आईबाबांना घेऊन पहाटे एखाद्या बेकरीत जा, विचारलं तर बघू देतात. मी सांगलीत वाढले, सुट्टीत आम्ही तूप, पिठीसाखर, मैदा असे डबे घेऊन नानकटाई भाजून आणायला बेकरीत जायचो आणि आपला पत्रा आत जाईपर्यंत तिथंच उभं राहायचो. भट्टीवाले काका लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रे आत सारायचे, त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे आडवे डाग होते, काही जुने काळे, एखादा ताजा लाल. घड्याळाकडे कधी बघायचे नाहीत, बोलता बोलता एकदम थांबायचे, वास घ्यायचे आणि फावडं उचलायचे. हे काढ तू. तुझ्या हिरोला तिच्या मनगटावरचा असाच एक डाग दिसू दे आणि दुसऱ्या दिवशी तो काही न बोलता घरच्या कुंडीतलं कोरफडीचं पान तोडून आणू दे, मांगाचं एक अख्खं पान या प्रसंगालाच दे, डायलॉग नको.

आणि स्टोरी साताऱ्यातच ठेव, अगदी हट्टानं. तुला माहितीये का, आपला 'पाव' आणि जपानी 'पान' (म्हणजे पावच) हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दावरून आलेत, पोर्तुगीज १५१० ला गोव्यात आणि १५४३ ला जपानात पोचले आणि दोन्हीकडे शब्द ठेवून गेले. तिकडे मग १८७० च्या दशकात टोकियोतल्या किमुरा यासुबेई नावाच्या, आधी सामुराई असलेल्या माणसानं पावात लाल बीन्सचं गोड सारण भरलं, तोच आन्पान. १८७५ मध्ये मेइजी सम्राटाला दिला तेव्हा वर खारवलेलं चेरीचं फूल लावलं होतं. म्हणजे परक्या पावात आपलं पुरणच भरलं की त्यांनी! तर तुझी हिरोईन कंदी पेढा भरून बन का नाही करणार? जपानात ख्रिसमसला स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा केक खातात, आपल्याकडे तर त्याच थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. मोती चौक काढ, मागे अजिंक्यतारा काढ. आवाज पण मराठीत लिही. जपानीत मऊला फुवाफुवा, कुरकुरीतला साकुसाकु आणि छातीत धडधडलं की दोकिदोकि लिहितात, आपल्याकडे लुसलुशीत, खुसखुशीत, धडधड सगळं आहे.

माझी मुलगी आठवीत आहे. अभ्यास सोडून ही लव्ह स्टोरीची पुस्तकं वाचते, वर म्हणते मला बेकरच व्हायचंय. काय करू? (सांगली)

वहिनी, काळजी वाटणं साहजिक आहे. तिच्या हातातलं एक पुस्तक मागून घ्या आणि तुम्हीच वाचा, उजवीकडून डावीकडे वाचायचं म्हणजे आपल्याला जी मागची बाजू वाटते तिथून सुरुवात. या प्रकाराला शोजो म्हणतात, शोजो म्हणजे मुलगी, १९५० च्या दशकापासून तिकडे खास शाळकरी मुलींसाठी अशी मासिकं निघतात. बऱ्याच इंग्रजी आवृत्त्यांवर वयाचा शिक्का असतो तो मात्र जरूर बघा, सगळंच मुलांसाठी नसतं. बेकर मुलींच्या गोष्टीत बहुतेक वेळा नुसतं 'तू मला आवडतोस' एवढं म्हणायलाच कितीतरी भाग जातात, १४ फेब्रुवारीला तिनं हातानं केलेलं चॉकलेट त्याला द्यायचं आणि १४ मार्चला त्यानं परत काहीतरी द्यायचं, त्या महिनाभरातच सगळी घालमेल.

बेकर व्हायचं म्हणते तर होऊ दे की, वाईट काय आहे? आयटीआयमध्ये बेकर अँड कन्फेक्शनर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास लागते, जवळ कुठं आहे त्याची चौकशी करा. हॉटेल मॅनेजमेंटचा रस्ता बारावीनंतर आहेच. आत्ता तिला ग्रॅम, तापमान, टक्केवारी समजायला गणित लागेल हे सांगा, ती स्वतःहून बसेल.

ताई मी मिरजेचा, नववीत. मुलगा असून असलं वाचतो म्हणून पोरं लई चिडवतात.

वाच रे बिनधास्त. तुझ्या गल्लीतल्या बेकरीत पीठ कोण मळतं बघ, सगळे बाप्येच असतील. आणि मुलींसाठीच्या मांगाला पहिलं मोठं वळण देणारा ओसामु तेझुका पुरुषच होता, १९५३ ला त्यानं राजकन्येची गोष्ट काढली. पुढं १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया अशा बायकांनी ते सगळं आपल्या हातात घेतलं आणि खूप पुढं नेलं, त्यांचं पण शोधून वाच.

मेलोनपान घरी होतो का? ओव्हन नाही, अंडं चालत नाही. (कराड)

होतो. मेलोनपान म्हणजे वर बिस्किटासारखं कवच असलेला जपानी गोड बन. आणि नाव मेलोन असलं तरी साध्या मेलोनपानात खरबूज नसतंच, वरच्या रेघा खरबुजाच्या सालीसारख्या दिसतात. २५० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, साधारण १६० मिली कोमट दूध, शेवटी २५ ग्रॅम लोणी. चांगलं पंधरा मिनिटं मळ, छोटा गोळा बोटांनी ताणला की न फाटता पातळ पडद्यासारखा उजेड दिसला पाहिजे. दुप्पट फुगू दे, थंडीत दीड-दोन तास लागतात, घाई करू नकोस. तोवर ५० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम पिठीसाखर, १२० ग्रॅम मैदा आणि लागेल तसं चमचाभर दूध, याचा गोळा फ्रिजमध्ये ठेव. नानकटाईच्या पिठासारखंच आहे ते. आठ बन कर, प्रत्येकावर त्याची पातळ पोळी बसव, वरून साखर, चाकूच्या बोथट बाजूनं जाळी, आणि परत अर्धा-पाऊण तास फुगू दे. कुकरची शिट्टी आणि रिंग काढ, तळाला जाड मीठ, वर स्टँड, दहा मिनिटं तापव आणि मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं. एका वेळी तीनच मावतील. वरून ओव्हनसारखा लालसर रंग येणार नाही, पण खालून खमंग होतो आणि गरम असताना वरचं कवच बोटानं टकटक वाजतं.